‘शौचाची तपासणी कशाला? रक्त घ्या ना!’

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या लॅबच्या काउंटरवर कॅल्प्रोटेक्टिनची (आतड्यातला दाह शौचातून ओळखणाऱ्या तपासणीची) चिठ्ठी घेऊन आलेले लोक हमखास असं म्हणतात. रक्त का चालत नाही, ते सांगतो.

मोठं आतडं साधारण दीड मीटरचं. आत अब्जावधी जिवाणू, आणि ते नि आपण यांच्यामध्ये पेशींचा जेमतेम एकपदरी थर, वर बुळबुळीत अस्तर. अस्तर विरळ झालं की जिवाणू थेट पेशींना भिडतात. मग प्रतिकारक पेशी रासायनिक निरोप सोडू लागतात. त्यांना सायटोकाइन म्हणतात. टीएनएफ नावाच्या निरोपाने रक्तवाहिन्यांचं अस्तर चिकट होतं, वाहत्या पांढऱ्या पेशी तिथे अडकतात. इंटरल्यूकिन-८ त्यांतल्या न्यूट्रोफिलना नेमक्या जागी ओढून आणतो. प्रोस्टाग्लँडिनमुळे वाहिन्या रुंदावतात, सूज चढते, कळ येते.

साध्या जुलाबात जंतू गेले की हे निरोप थंडावतात. अल्सरेटिव्ह कोलायटिसमध्ये, म्हणजे मोठ्या आतड्याच्या दीर्घकाळ चालणाऱ्या दाहात मात्र आलेल्या पेशीच नवे निरोप धाडत राहतात, आतून जखमा होतात, रक्त आणि आव पडते. टीएनएफला अडवणारं इन्फ्लिक्सिमॅब हे औषध अमेरिकेत २००५ मध्ये या आजारासाठी मंजूर झालं, ते यामुळेच.

आता शौचाच्या नमुन्याच्या डबीकडे वळू. न्यूट्रोफिलच्या आतल्या द्रवातली निम्म्याहून अधिक प्रथिनं कॅल्प्रोटेक्टिनची असतात. या पेशी आतड्यात उतरून फुटल्या की ते शौचात मिसळतं आणि सहजी नासत नाही. रक्तातला सीआरपी (शरीरात कुठेही दाह असला की वाढणारं प्रथिन) गुडघा सुजला तरी वाढतो. इथे आतड्याचीच खबर मिळते.

कॅल्प्रोटेक्टिन एका ग्राम शौचाला ५० मायक्रोग्रॅमच्या आत असेल तर दाहाची शक्यता कमी. २५० च्या वर गेलं तर डॉक्टर बहुधा दुर्बिणीची तपासणी सुचवतात. मधला आकडा आला तर काही आठवड्यांनी पुन्हा तपासतात. आकडा आजाराचं नाव सांगत नाही. जंतुसंसर्गातही तो चढतो. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारख्या वेदनाशामक गोळ्यांनीही चढतो, म्हणून त्या घेत असाल तर काउंटरवर सांगा. डॉक्टरांनी दिलेली गोळी परस्पर बंद करू नका.

उपाशीपोटी येण्याची गरज नाही. (आदल्या रात्रीच्या शेवउसळीबद्दल एका काकांनी विचारलं होतं. खुशाल खा.) डबी आमच्याकडूनच न्या. सुपारीएवढा नमुना पुरे, त्यात लघवी किंवा पाणी मिसळू देऊ नका. लाजू नका, आमचं रोजचंच काम आहे.

रक्त पडत असेल, ताप असेल किंवा वजन उतरत असेल, तर रिपोर्टसाठी थांबू नका. आधी डॉक्टरांना गाठा, डबी नंतर आणली तरी चालेल.