मॅचअपमधील असमतोल

द्वंद्व पद्धतीच्या पत्त्यांच्या खेळात दोन विशिष्ट डेकची, म्हणजे खेळाडूंनी निवडून आणलेल्या पत्त्यांच्या संचांची, जी गाठ पडते तिला मॅचअप म्हणतात. खेळणारे तुल्यबळ असूनही एका डेकचे पारडे आधीच जड असेल, तर तो मॅचअप असमतोल ठरतो. नेहमीच्या पत्त्यांत दोघेही एकाच कॅटमधून पाने घेतात. इथे मात्र प्रत्येकजण आपला डेक घरूनच बांधून आणतो, त्यामुळे हार-जितीचा काही भाग पहिला पत्ता ओढण्यापूर्वीच ठरलेला असतो. १९९३ साली रिचर्ड गारफील्ड यांचा ‘मॅजिक : द गॅदरिंग’ आला, तेव्हापासून हा प्रश्न या खेळांच्या पाठीशी लागलेला आहे.

डेकचे ढोबळ प्रकार तीन : झटपट हल्ला चढवणारा ॲग्रो, समोरच्याला रोखून धरत डाव लांबवणारा कंट्रोल, आणि ठरावीक पत्ते जुळताच एका दमात डाव संपवणारा कॉम्बो. हे तिघे कात्री-कागद-दगडासारखे एकमेकांना मारतात असे नवख्यांना सांगितले जाते. ते अर्धेच खरे आहे. असमतोलाचे मूळ प्रकारापेक्षा वेळेत आणि वाया जाणाऱ्या पत्त्यांत असते. मॅजिकमधला ‘रॅथ ऑफ गॉड’ हा चार मॅनाचा पत्ता (मॅना म्हणजे पत्ता खेळण्यासाठी मोजावी लागणारी, साधारण दर पाळीला एकाने वाढणारी शक्ती) पटावरचे सगळे क्रीचर, म्हणजे लढणारे प्राणी, एका फटक्यात साफ करतो. चिल्लर क्रीचरांची फौज उभी करणाऱ्याला तो जड जातो. पण चौथी पाळी येईपर्यंत कंट्रोलवाला जिवंत राहिला तरच. समोरच्याकडे क्रीचरच नसतील, तर हाच पत्ता हातात नुसता पडून राहतो. असे तीन पत्ते अडकले की सात पत्त्यांचा हात प्रत्यक्षात चारचाच उरतो.

म्हणून पहिला प्रतिडाव भूमिकेचा असतो. आपण चढाई करायची की तग धरायचा, हे डेकच्या नावावरून ठरत नाही, समोर कोण बसले आहे त्यावरून ठरते. मॅजिकवर लिहिणारे मायकेल फ्लोरेस यांनी १९९९ मध्ये हा मुद्दा मांडला : दोन ॲग्रो डेक भिडले, तरी त्यांतल्या एकाला बचावाची बाजू घ्यावीच लागते, आणि भूमिका ओळखण्यात चुकलेला खेळाडू बहुधा हरतो. पदरचा एकही पत्ता न बदलता करता येणारा हा एकमेव उपाय असूनही सर्वांत कमी वापरला जातो. हरल्यावर डेकला दोष देणे सोपे पडते.

दुसरा मार्ग साइडबोर्डचा. मॅजिकमध्ये किमान ६० पत्त्यांच्या डेकसोबत १५ पत्ते बाजूला ठेवता येतात आणि पहिल्या डावानंतर अदलाबदल करता येते. तीन डावांच्या सामन्यात याचा परिणाम मोठा असतो. प्रत्येक डावात जिंकण्याची शक्यता ३० टक्के असेल, तर सामना जिंकण्याची शक्यता २२ टक्क्यांच्या आसपास राहते. अदलाबदलीनंतर पुढच्या डावांत ती ५५ टक्के झाली, तर सामन्याची शक्यता एकदम ४५ टक्क्यांपर्यंत चढते. पहिला डाव जवळजवळ सोडून दिल्यासारखा असला, तरी!

ड्रेज हा डेक याचे ठळक उदाहरण. टाकलेल्या पत्त्यांचा ढीग, म्हणजे ग्रेव्हयार्ड, हेच त्याचे भांडवल. पहिल्या डावात बहुतेकांकडे त्यावर उतारा नसतो. पुढे ‘लेलाइन ऑफ द व्हॉइड’ येतो : सुरुवातीच्या हातात असेल तर हा पत्ता फुकट पटावर मांडता येतो, आणि मग प्रतिस्पर्ध्याचा कोणताही पत्ता ग्रेव्हयार्डमध्ये जाण्याऐवजी खेळातूनच बाद होतो. अडचण एवढीच की चार प्रती घेतल्या, तरी पहिल्या सात पत्त्यांत त्यांपैकी एक तरी येण्याची शक्यता जेमतेम ४० टक्के असते. ती वाढवायची तर चांगला हात परत करून नवा ओढावा लागतो, म्हणजे एका पत्त्यावर पाणी सोडावे लागते. ड्रेजवाला तोवर स्वस्थ बसत नाही; लेलाइन मोडणारे पत्ते तोही साइडबोर्डमधून घेऊन येतो.

प्रत्येक विशेष उताऱ्याची अशी किंमत असते. मॅजिकमधल्या लाल रंगाच्या पत्त्यांपासून संरक्षण असलेला ‘कोर फायरवॉकर’ लाल पत्त्यांच्या डेकला जेरीस आणतो. इतरांसमोर तो दोन मॅनाचा साधा क्रीचर ठरतो. त्यामुळे १५ जागा कशावर खर्चायच्या, हा समोर कोणते डेक येतील याचा अंदाज बांधण्याचा प्रश्न होतो.

इतर खेळांचे नियम वेगळे आहेत. ‘यु-गि-ओ!’ मध्येही १५ पत्त्यांपर्यंत साइड डेक असतो. ‘हार्थस्टोन’ मध्ये नसतो, म्हणून ‘ॲसिडिक स्वाम्प ऊझ’ सारखा प्रतिस्पर्ध्याचे शस्त्र मोडणारा पत्ता ३० पत्त्यांच्या मूळ डेकमध्येच घ्यावा लागतो. तिथल्या काही स्पर्धांत खेळाडू अनेक डेक आणतात आणि प्रतिस्पर्धी त्यांतला एक बाद करतो. ‘पोकेमॉन’ च्या पत्त्यांत तर असमतोल छापूनच येतो : ठरावीक प्रकारचा हल्ला झाला, की दुबळ्या पोकेमॉनला दुप्पट इजा होते.

उतारे अपुरे पडले, तर प्रकाशकाला हात घालावा लागतो. २०१९ च्या उन्हाळ्यात मॅजिकच्या मॉडर्न नावाच्या स्पर्धाप्रकारात ‘होगाक’ या पत्त्याभोवती बांधलेल्या, ग्रेव्हयार्डवरच चालणाऱ्या डेकने असा धुमाकूळ घातला, की अनेकांनी लेलाइन साइडबोर्डमधून उचलून थेट मुख्य डेकमध्ये घेतला. जुलैमध्ये त्या डेकचा ‘ब्रिज फ्रॉम बिलो’ हा साथीदार पत्ता बंद करूनही भागले नाही, आणि ऑगस्टमध्ये होगाकवरच बंदी आली.