तुकडा काढल्याने रोग पसरत नाही, सापडतो

‘पोटातला तुकडा काढला की रोग चिघळतो’ हे यवतमाळ-वर्ध्याकडच्या गावांत आजही छातीठोकपणे सांगितलं जातं. वर्षानुवर्षं पोटात आग पडणारा माणूस एकवेळ दुर्बीण टाकून घेतो, पण बायोप्सी, म्हणजे तपासणीसाठी जठराच्या अस्तराचा तुकडा काढणं, म्हटलं की उठून जातो. हा समज साफ खोटा आहे. शिवाय जठराला सूज आहे की नाही, हे नुसत्या दुर्बिणीतून पक्कं ठरत नाही. लालबुंद दिसणारं अस्तर सूक्ष्मदर्शकाखाली कधी निरोगी निघतं, तर गुलाबी, स्वच्छ अस्तरात पांढऱ्या पेशींची गर्दी, म्हणजेच सूज, सापडते.

तुकडा दोन-तीन मिलिमीटरचा असतो. अस्तराला चिमटा दुखत नाही. सूज सगळीकडे सारखी नसल्याने जठराच्या वेगवेगळ्या भागांतून साधारण पाच तुकडे घेतात.

बहुतेकदा या सुजेमागे हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू असतो. जठरातल्या तीव्र आम्लात तो जगतो, हेच नवल! आपल्या रक्तातला युरिया जठरात झिरपतो. जंतूच्या आवरणात युरियासाठी दारं असतात आणि बाहेर आम्ल वाढलं तरच ती उघडतात. आत युरियेज हे विकर (एन्झाइम) युरिया फोडून अमोनिया बनवतं. अमोनियाने आम्ल मारलं जातं. दारं कायम उघडी राहिली, तर त्याच अमोनियाने जंतू मरेल.

हीच युक्ती त्याला पकडून देते. युरिया आणि आम्ल कमी झालं की रंग बदलणारं फिनॉल रेड घातलेल्या पिवळ्या जेलमध्ये तुकडा ठेवला की अमोनियामुळे रंग गुलाबी होतो, कधी काही मिनिटांत. बाकीचे तुकडे फॉर्मॅलिन या टिकवणाऱ्या द्रवातून पॅथॉलॉजिस्टकडे जातात. सूज किती जुनी, ग्रंथी झिजल्या का, पेशींचं रूप पुढे कॅन्सरकडे नेऊ शकेल असं बदललंय का, हे तिथेच कळतं.

ऑस्ट्रेलियाचे डॉक्टर बॅरी मार्शल यांनी 1984 मध्ये हा जंतू स्वतः पिऊन आपल्याच जठराची बायोप्सी करून घेतली. सूज तिच्यातच दिसली. या जंतूच्या शोधासाठी 2005 चं वैद्यकशास्त्राचं नोबेल त्यांना सहकारी रॉबिन वॉरन यांच्यासोबत मिळालं.

‘गोळा सरकला’ म्हणून पोट चोळून घेण्याने किंवा करणी उतरवण्याने हा जंतू हलत नाही. मेडिकलमधून परस्पर आणलेली ॲसिडिटीची गोळी मात्र त्याला लपवते आणि तपासणी खोटी निगेटिव्ह येते. म्हणून डॉक्टरांना विचारून ती दोन आठवडे आधी थांबवावी, अँटिबायोटिक घेतलं असेल तर चार आठवडे जाऊ द्यावेत. कापूस वेचणीत कंबर धरली म्हणून खाल्लेल्या डायक्लोफिनॅक या वेदनाशामक गोळीचंही नाव सांगावं, कारण जंतू नसतानाही ती गोळी अस्तर सोलते.