डिझेलमध्ये वंगण तेल मिसळणे

डिझेलवर चालणाऱ्या ट्रकच्या इंधन-टाकीत डिझेल भरताना सोबत थोडे वंगण तेल ओतण्याची प्रथा. हे तेल इंजिनाच्या चेंबरमध्ये, म्हणजे इंजिन ऑईल साठते त्या खालच्या भांड्यात, पडत नाही. ते डिझेलमध्ये मिसळून फिल्टर, पंप व नोझल यांतून पुढे जाते आणि शेवटी सिलिंडरमध्ये डिझेलबरोबर जळून जाते. त्यासाठी बहुधा टू-स्ट्रोक इंजिनाचे तेल, म्हणजे पूर्वी स्कूटर व रिक्षांच्या पेट्रोलमध्ये घालत ते टू-टी ऑईल, वापरतात. काही जण नवे इंजिन ऑईल घालतात, तर काही जण पैसे वाचवण्यासाठी ऑईल बदलताना निघालेले काळे ऑईलच गाळून टाकीत सोडतात. प्रमाण साधारणपणे २०० लिटर डिझेलला १ लिटर तेल असे सांगितले जाते, पण मापाने मोजून तेल टाकणारे थोडे. मूळ उद्देश इंधनपंपाची झीज थांबवणे हा आहे. ॲव्हरेज वाढते किंवा इंजिनाचा आवाज कमी होतो हे दावे त्याला मागाहून चिकटलेले दिसतात.

न्हावा-शेवाचे बंदर १९८९ मध्ये सुरू झाले, मुंबईतील लोखंड बाजार कळंबोलीत आला आणि धान्य, कांदा-बटाटा, मसाला यांच्या घाऊक बाजारपेठा वाशी-तुर्भे परिसरात हलल्या, त्यामुळे उरणपासून तळोज्यापर्यंतचा नवी मुंबईचा पट्टा जड वाहनांचा झाला. अशा ठिकाणी गॅरेज, टायरची दुकाने आणि पंप-नोझल दुरुस्तीची दुकाने एकमेकांना लागून असतात. एकाच ओळीत वीस वर्षे जुना डंपर आणि नुकताच घेतलेला बीएस-६, म्हणजे भारत स्टेज ६ या प्रदूषण-मानकाचा, ट्रेलर उभा असतो, दोघांचे चालक एकाच टपरीवर चहा पितात आणि एकाला लागू पडलेला उपाय दुसऱ्याच्या टाकीत जातो. या प्रथेबद्दलचा बहुतेक गोंधळ इथूनच सुरू होतो, कारण या दोन गाड्यांची इंधनयंत्रणा मुळातच वेगळी आहे.

डिझेल हे जसे इंधन आहे तसे ते स्वतःच्या पंपाचे वंगणही आहे. पंपातील प्लंजर, म्हणजे डिझेल दाबणारा दट्ट्या, आणि तो ज्यात सरकतो ते बॅरल यांच्यातील फट काही मायक्रॉनच असते, म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीच्या विसाव्या हिश्शाच्या आसपास. तिथे वेगळे ऑईल पोहोचवता येत नाही. फटीतून झिरपणारे डिझेलच दोन पृष्ठभागांना एकमेकांपासून दूर ठेवते. बोटांना तेलकट लागणारे डिझेल चांगले वंगण असते ही समजूत मात्र अर्धीच खरी आहे. दाब वाढून धातूला धातू टेकण्याची वेळ येते तेव्हा द्रवाच्या जाडीपेक्षा त्यातील ध्रुवीय रेणूंचे काम जास्त असते. हे रेणू एका टोकाने धातूला घट्ट चिकटतात आणि त्यावर अतिशय पातळ थर तयार करतात. कच्च्या तेलातून येणारी ऑक्सिजन व नायट्रोजनयुक्त संयुगे डिझेलमध्ये हे काम करत असत.

गंधक कमी करताना हीच संयुगे निघून गेली. रिफायनरीत हायड्रोजनची प्रक्रिया करून गंधक काढतात तेव्हा ध्रुवीय संयुगेही बऱ्याच प्रमाणात नष्ट होतात. त्यामुळे गंधक गेले म्हणून वंगण गेले असे जे सर्रास सांगितले जाते ते काटेकोरपणे बरोबर नाही. गंधक स्वतः वंगणाचे काम फारसे करत नव्हते, त्याच्यासोबत दुसरेही काही गेले. याचा पहिला मोठा धडा स्वीडनला मिळाला. तिथे १९९१ पासून करसवलत देऊन अत्यल्प गंधकाचे डिझेल बाजारात आणले गेले आणि थोड्याच काळात गाड्यांचे पंप निकामी होऊ लागले. त्यानंतर रिफायनरीतच वंगणकारी द्रव्य घालण्याची पद्धत रूढ झाली. भारतात १९९० च्या दशकाच्या मध्यापर्यंत डिझेलमध्ये १ टक्का, म्हणजे दशलक्षात १०,००० भाग गंधक चालत असे. बीएस-३ मध्ये ही मर्यादा ३५०, बीएस-४ मध्ये ५० आणि बीएस-६ मध्ये १० भागांवर आली. मुंबईसह १३ शहरांत बीएस-४ इंधन एप्रिल २०१० मध्ये आले, देशभर ते १ एप्रिल २०१७ पासून लागू झाले आणि बीएस-६ इंधन १ एप्रिल २०२० पासून.

डिझेलची वंगणक्षमता मोजण्याची सर्वमान्य चाचणी एचएफआरआर या नावाने ओळखली जाते. तीत ६ मिलिमीटर व्यासाची पोलादी गोळी २०० ग्रॅम भाराखाली पोलादी चकतीवर टेकवतात, दोन्ही ६० अंश सेल्सिअसच्या डिझेलमध्ये बुडालेली ठेवतात आणि गोळी सेकंदाला ५० वेळा १ मिलिमीटर मागेपुढे घासतात. ७५ मिनिटांनंतर गोळीवर पडलेल्या घासणीच्या डागाचा व्यास सूक्ष्मदर्शकाखाली मोजतात. डाग जितका मोठा तितके इंधन वंगण म्हणून निकृष्ट. भारतीय मानक आयएस १४६० आणि युरोपीय मानक या दोन्हींत हा डाग ४६० मायक्रॉनपेक्षा मोठा चालत नाही, अमेरिकेत ५२० मायक्रॉनपर्यंत चालतो. मानकाप्रमाणे असलेले डिझेल पंपावरून गाडीत पडते तेव्हा वंगणाची ही किमान पातळी त्यात आधीच आणलेली असते, ही गोष्ट टाकीत तेल ओतणाऱ्याच्या हिशेबात सहसा येत नाही.

अमेरिकेत डिझेल-वाहनधारकांच्या पुढाकाराने २००७ मध्ये झालेल्या एका स्वतंत्र चाचणीतील आकडे या संदर्भात बोलके आहेत. वंगणद्रव्य न घातलेल्या डिझेलचा डाग ६३६ मायक्रॉन होता. त्यात २०० ला १ या प्रमाणात टू-स्ट्रोक तेल घातल्यावर तो ४७४ वर आला, त्याच प्रमाणात वापरलेले इंजिन ऑईल घातल्यावर ६३४ राहिला, म्हणजे फरक जवळपास पडलाच नाही, आणि २ टक्के सोयाबीनचे बायोडिझेल घातल्यावर तो २२१ पर्यंत खाली आला. चाचणी एकच होती आणि मूळ डिझेल मुद्दाम कोरडे, म्हणजे कमी वंगणाचे, निवडलेले होते, म्हणून या आकड्यांना अंतिम शब्द मानता येत नाही. तरी टू-स्ट्रोक तेलाचा काहीच उपयोग नाही असे म्हणणाऱ्यांना आणि कोणतेही तेल चालते असे म्हणणाऱ्यांना, दोघांनाही ते अडचणीचे आहेत. काळे ऑईल बोटाला कितीही बुळबुळीत लागो, घासणाऱ्या धातूला त्याचा आधार मिळाला नाही.

भारतात ही सवय रुजण्याला आणखी एक कारण होते, ते भेसळीचे. रेशनवरील निळे रॉकेल डिझेलपेक्षा कितीतरी स्वस्त असल्याने ते डिझेलमध्ये मिसळण्याचा धंदा दीर्घकाळ चालला. मनमाडजवळ पानेवाडी येथे ही भेसळ पकडायला गेलेले मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना २५ जानेवारी २०११ रोजी जाळून मारण्यात आले, तेव्हा या धंद्याचा आवाका महाराष्ट्राला दिसला. रॉकेल डिझेलपेक्षा पातळ असते आणि वंगण म्हणून कमी प्रतीचे असते. त्यामुळे आपल्या टाकीत काय पडले आहे याची खात्री नसलेल्या चालकाने त्यात थोडे तेल टाकून ठेवणे त्या काळात अगदीच अविचाराचे नव्हते.

जुन्या टाटा आणि लेलँड ट्रकांवर मायको कंपनीचा सरळ ओळीतला, म्हणजे इनलाइन पंप असे. या पंपाचा कॅमशाफ्ट आणि खालचे भाग वेगळ्या वंगण तेलावर चालतात. डिझेलवर अवलंबून असतात ते फक्त प्लंजर, बॅरल आणि डिलिव्हरी व्हॉल्व्ह. दाबही आजच्या मानाने कमी असतो. असा पंप निकृष्ट डिझेल सोसतो आणि त्यात मिसळलेले तेलही सोसतो. लहान गाड्यांमधील रोटरी पंप पूर्णपणे डिझेलच्याच वंगणावर चालतो, म्हणून कोरड्या डिझेलचा फटका आधी त्याला बसला. कॉमन रेल, म्हणजे सगळ्या नोझलांना एकाच सामाईक नळीतून दाबाखालचे डिझेल देणाऱ्या नव्या यंत्रणेतील बहुतेक उच्चदाब पंपांची स्थितीही तीच आहे, शिवाय तिथे दाब १,६०० बार आणि त्याहून वर जातो. म्हणजे वंगणाची गरज नव्या यंत्रणेला खरोखरच अधिक आहे; अडचण अशी की ती गरज बाहेरच्या तेलाने भागवताना त्याच गाडीच्या मागच्या टोकाला नुकसान होते.

बीएस-६ ट्रकच्या सायलेन्सरमध्ये काजळी अडवणारी जाळी, म्हणजे डीपीएफ, बसवलेली असते. साचलेली काजळी ठरावीक काळाने उष्णतेने जाळून टाकली जाते, पण राख जळत नाही. इंजिन ऑईलमध्ये झीजरोधक व स्वच्छक म्हणून घातलेल्या कॅल्शियम, मॅग्नेशियम, जस्त यांच्या संयुगांची राख जाळीतच राहते. साधा हिशेब करून पाहावा. लिटरला ४ किलोमीटर धावणारा ट्रेलर १ लाख किलोमीटरमध्ये २५,००० लिटर डिझेल पितो. २०० ला १ या प्रमाणात त्यात १२५ लिटर तेल जाते, म्हणजे सुमारे ११० किलो. तेलातील राखेचे प्रमाण १ टक्का धरले तर ती १ किलोच्या वर भरते. इंजिन आपल्या नेहमीच्या चालण्यात जेवढे ऑईल जाळते त्यापेक्षा हे प्रमाण कितीतरी जास्त आहे आणि ही राख काढायची तर जाळी उतरवून साफ करावी लागते. टू-स्ट्रोक तेल या बाबतीत सौम्य आहे: जासो या जपानी मानकाच्या एफसी आणि एफडी दर्जांच्या तेलात राखेची मर्यादा पाव टक्क्याच्या आत असते आणि बोटींच्या इंजिनांसाठीचे टीसी-डब्ल्यू३ तेल जवळजवळ राखविरहित असते. राख नसली तरी जाड तेल अर्धवट जळून नोझलच्या बारीक छिद्रांपाशी कार्बन धरण्याची शक्यता मात्र उरतेच.

बंदराच्या कामावरील गाड्यांना जाळी तुंबण्याचा त्रास अधिक होण्याचे कारण त्यांच्या फेऱ्यांत आहे. न्हावा-शेवा ते कळंबोली किंवा तळोजा अशी छोटी फेरी, गेटवरची लांब रांग आणि रांगेत चालू ठेवलेले इंजिन यांमुळे धुराचे तापमान काजळी जाळण्याइतके वेळेवर चढत नाही. पुणे-बंगळूरकडे जाणाऱ्या गाडीची जाळी खंडाळ्याच्या घाटात आपोआप तापते, तशी संधी या गाड्यांना मिळत नाही.

गंधकाचा हिशेबही असाच नजरेआड होतो. आधुनिक डिझेल इंजिन ऑईलमध्ये ०.४ टक्क्यापर्यंत, म्हणजे दशलक्षात ४,००० भाग गंधक असू शकते. ते २०० पट विरळ झाल्यावर डिझेलमध्ये २० भागांची भर पडते आणि १० भागांचे बीएस-६ इंधन टाकीतच ३० भागांपर्यंत पोहोचते. इंजिन ऑईलमधील फॉस्फरस तर धुरातील प्रदूषक रूपांतरित करणाऱ्या उत्प्रेरकाला हळूहळू निकामी करतो. पावसाळ्यात आणखी एक गोष्ट घडते. दमट हवेत अर्धी रिकामी टाकी रात्रभर उभी राहिली की आत पाणी सुटते. ते तळाशी बसावे आणि सेडिमेंटरमधून, म्हणजे डिझेलमधील पाणी वेगळे साठवणाऱ्या भांड्यातून, काढून टाकावे अशी योजना असते, पण इंजिन ऑईलमधील स्वच्छक व विखुरक द्रव्ये पाण्याचे बारीक थेंब डिझेलमध्ये तरंगते ठेवतात, त्यामुळे ते फिल्टर ओलांडून पंपापर्यंत जाऊ शकते.

काळे ऑईल जाळण्याला एके काळी प्रतिष्ठाही होती. कमिन्स कंपनीने अमेरिकेतील जड ट्रकांसाठी सेंटिनेल नावाची यंत्रणा दिली होती. ती चालत्या इंजिनातील वापरलेले ऑईल थोडे थोडे मोजून इंधनात सोडत असे आणि त्याची जागा ताज्या ऑईलने भरत असे. धुराच्या मार्गात जाळी व उत्प्रेरक येण्यापूर्वीची ती गोष्ट होती. भारतात वापरलेले तेल २०१६ च्या घातक कचरा नियमांखाली घातक कचऱ्यात मोडते आणि ते अधिकृत पुनर्प्रक्रिया केंद्राकडेच देणे अपेक्षित आहे.

पंप-नोझलच्या दुकानात प्लंजर बाहेर काढल्यावर झिजेचे कारण बऱ्याचदा नुसत्या डोळ्यांनीही ओळखता येते. इंधन आत येते त्या छिद्रासमोर उभ्या बारीक रेघा उठलेल्या असतील तर धूळ किंवा कचरा गेलेला असतो. तांबूस ठिपके आणि खड्डे दिसले तर पाणी. आणि पृष्ठभाग खरवडून एकमेकांना चिकटल्यासारखा दिसला तर वंगण कमी पडलेले असते. पहिल्या दोन्हींवर टाकीत ओतलेल्या तेलाचा काही इलाज चालत नाही; तिथे वेळेवर बदललेला फिल्टर, रोज सकाळी उघडलेला सेडिमेंटरचा नळ आणि रात्री भरून उभी केलेली टाकी हेच कामाला येतात. तिसऱ्या प्रकारात, जुन्या इनलाइन किंवा रोटरी पंपाच्या गाडीत, कमी राखेचे टू-स्ट्रोक तेल मापाने घातल्यास फायदा होऊ शकतो; बीएस-६ गाडीत वाहननिर्मात्याने मान्य केलेले वंगणद्रव्यच चालते आणि इतर काही टाकल्यास वॉरंटीचा दावा नाकारला जाऊ शकतो.