सति, सजगता व मानसोपचार (खानदेशाच्या संदर्भात)

सति, सजगता व मानसोपचार : बौद्ध ध्यानपरंपरेतील ‘सति’ (सं. स्मृति) ही साधना आणि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तिच्या आधारे आकाराला आलेल्या, ‘माइंडफुलनेस’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या उपचारपद्धती यांचा परस्परसंबंध. ‘माइंडफुलनेस’साठी मराठीत सजगता, अवधान, पूर्णभान असे पर्याय रूढ आहेत. प्रस्तुत नोंदीत उपचारासाठी ‘सजगता’ व मूळ साधनेसाठी ‘सति’ हा शब्द योजला आहे. (‘सती’ या मराठीतील परिचित शब्दाशी त्याचा संबंध नाही.) खानदेश म्हणजे येथे जळगाव, धुळे व नंदुरबार हे जिल्हे आणि त्यांच्या दक्षिणेकडील अजिंठा–सातमाळा रांगेचा उत्तर उतार.

‘सति’ हा शब्द ‘स्मृ’ म्हणजे आठवणे या धातूपासून आला आहे. संयुत्तनिकाय या पाली सुत्तसंग्रहात (सुत्त म्हणजे बुद्धाचा उपदेश) सतिमान साधक हा ‘फार पूर्वी केलेले, फार पूर्वी बोललेले आठवणारा’ असा वर्णिला आहे. मिलिंदपञ्ह या राजा व भिक्षू यांच्या संवादरूप पाली ग्रंथात भिक्षू नागसेन ‘सति’ची दोन लक्षणे सांगतो : ‘अपिलापन’ म्हणजे कुशल काय व अकुशल काय याची आठवण करून देणे, आणि ‘उपग्गण्हन’ म्हणजे हिताचे ते धरून ठेवणे. त्यासाठी तो राजाला रोज त्याच्या हत्ती-घोड्यांचा व खजिन्याचा हिशेब आठवून देणाऱ्या भांडारप्रमुखाचा दाखला देतो. टी. डब्ल्यू. ऱ्हिस डेव्हिड्झ यांनी १८८१ मध्ये सुत्तांच्या इंग्रजी भाषांतरात ‘माइंडफुलनेस’ हा शब्द योजला. तो रुळला आणि आठवणीचा अर्थ हळूहळू मागे पडला.

‘सतिपट्ठान’ या समासाची फोड वादग्रस्त आहे. अट्ठकथा (जुनी पाली भाष्ये) ती ‘सति + पट्ठान’ अशी करतात. त्यानुसार सतिपट्ठान म्हणजे सति जेथे ठेवायची ती स्थाने. अलीकडचे बहुतेक अभ्यासक ‘सति + उपट्ठान’, म्हणजे सति समोर उभी करणे, ही फोड मानतात. संस्कृत ग्रंथांतील ‘स्मृत्युपस्थान’ हे रूप आणि सुत्तांत वारंवार येणारा ‘सतिं उपट्ठपेत्वा’ हा प्रयोग या मताला बळ देतात; तेच अधिक ग्राह्य वाटते. याच वाक्यप्रयोगातील ‘परिमुखं’ या शब्दाचाही निकाल लागलेला नाही. विभंग या अभिधम्मग्रंथात (उपदेशांचे तात्त्विक विश्लेषण करणाऱ्या ग्रंथात) त्याचा अर्थ नाकाचा शेंडा किंवा वरच्या ओठाचा मध्य असा घेतला आहे. इतरांच्या मते तो केवळ ‘समोर’ असा आहे. वाद व्याकरणाचा दिसतो, पण विपश्यना शिबिरात पहिले साडेतीन दिवस नाकपुड्यांखाली आणि वरच्या ओठाच्या वर एवढ्याशा जागेवरच लक्ष ठेवायला लावतात, ते पहिल्या अर्थाला धरून आहे. मज्झिमनिकायातील (१०) व दीघनिकायातील (२२) सतिपट्ठान सुत्तांत काया, वेदना, चित्त व धम्म अशी चार क्षेत्रे सांगितली आहेत. ‘वेदना’ म्हणजे येथे दुखणे नव्हे; सुखद, दुःखद किंवा दोन्ही नाही अशी कोणतीही संवेदना.

निकायांत (सुत्तसंग्रहांत) ‘सति’ला सीमेवरील नगराच्या दारपालाची उपमा दिली आहे. हा दारपाल शहाणा असतो. ओळखीच्याला आत घेतो, अनोळखी माणसाला वेशीवरच थांबवतो. याउलट सजगतेच्या उपचारकांत जॉन कबात-झिन यांची १९९४ मधील व्याख्या प्रमाण मानली जाते. तिचा आशय असा की लक्ष हेतुपुरस्सर द्यावे, ते वर्तमान क्षणाकडे असावे आणि त्यात निवाडा नसावा. निवाडा न करणारा राखणदार वेशीवर काय कामाचा, हा जुन्या परंपरेच्या अभ्यासकांचा आक्षेप आहे. मधला दुवा श्रीलंकेतील जर्मन भिक्षू न्यानपोनिक थेर यांच्या १९५४ च्या इंग्रजी ग्रंथात सापडतो. त्यात ‘निखळ अवधान’ ही संज्ञा पुढे आली. मात्र त्यांच्या मते ही साधनेची पहिली पायरी होती. मराठी वाचक सजगता आणि ‘साक्षीभाव’ एकच समजतात, तेही तपासून घ्यायला हवे : साक्षीभावात पाहणारा आत्मा गृहीत असतो, सतिपट्ठानात तो नाही.

खानदेशात या विषयाची चर्चा बहुधा अजिंठ्यापासून सुरू होते. अजिंठा व पितळखोरे ही लेणी आज छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात मोडतात. पण अजिंठ्याखालची वाघूर नदी उत्तरेला वाहत जाऊन तापीला मिळते आणि पितळखोऱ्याला जवळचे रेल्वेस्थानक चाळीसगाव हेच आहे. अजिंठ्याच्या क्र. ९ व १० या चैत्यगृहांचा काळ सामान्यतः इ. स. पू. दुसरे-पहिले शतक मानतात. नंतरचा टप्पा वाकाटक राजा हरिषेणाच्या काळातील. कलेतिहासकार वॉल्टर स्पिंक यांनी तो सु. ४६० ते ४८० एवढ्या अल्प अवधीत बसवला; काही अभ्यासकांना इतकी काटेकोर विभागणी पटत नाही. क्र. १२ च्या विहारात तीन बाजूंना खोल्या असून प्रत्येकीत दोन दगडी ओटे आहेत. उशाकडची बाजू किंचित उंच. या खोल्या ध्यानासाठी खोदल्या असे मार्गदर्शक सांगतात, पण ओटे निजण्याचे आहेत, आणि येथील कोरीव लेख दानाविषयी बोलतात, साधनेविषयी नाही.

पितळखोऱ्याचा एक लेख मात्र या विषयाशी अनपेक्षितपणे जवळचा आहे. तेथील विहाराच्या दात्यांत मगिल नावाचा राजवैद्य (‘राजवेज’) व त्याची मुले आहेत. वैद्याने संघाला दान दिले, एवढेच त्यावरून सिद्ध होते. बुद्ध हा ‘भिषक्’ आणि चार आर्यसत्ये म्हणजे रोग, कारण, आरोग्य व औषध, ही मांडणी प्राचीन आहे. तथापि बुद्धाने ती वैद्यकाकडून घेतली या मताला बुद्धपूर्व वैद्यक ग्रंथांत पुरावा नाही, असे भारतविद्येचे अभ्यासक ए. वेत्स्लर यांनी १९८४ मध्ये दाखवले. त्यांचे प्रतिपादन अद्याप टिकून आहे.

या लेण्यांपासून आजच्या दवाखान्यापर्यंत अखंड परंपरा आलेली नाही. १८१९ मध्ये जॉन स्मिथ हा इंग्रज अधिकारी शिकारीच्या निमित्ताने अजिंठ्याला पोचला, तेव्हा तेथे बौद्ध साधना शतकानुशतके बंद होती. आजची साधना बाहेरून परतली. ब्रह्मदेशात लेडी सयाडो (१८४६–१९२३) या भिक्षूंनी गृहस्थांना विपश्यना शिकवण्याचा मार्ग खुला केला. पुढे सया तेजी व ऊ बा खिन यांच्याद्वारे ती मंडालेत जन्मलेल्या सत्यनारायण गोयंका (१९२४–२०१३) यांच्याकडे आली. गोयंका १९६९ मध्ये भारतात आले; १९७६ पासून इगतपुरीच्या धम्मगिरीवर शिबिरे होऊ लागली. इगतपुरी खानदेशाबाहेरची, पण भुसावळच्या लोहमार्गावरची. खानदेशातील केंद्र म्हणजे धुळ्याजवळ तिखी येथील धम्मसरोवर. दहा दिवसांचे शिबिर, पहाटे चारची घंटा, मौन, आणि चौथ्या दिवसापासून डोक्यापासून पायापर्यंत शरीरातील संवेदना पाहत जाणे हा क्रम सर्वत्र एकच असतो.

दुसरी वाट अमेरिकेतून आली. (त्याआधी जपानमध्ये शोमा मोरिता या मानसोपचारतज्ज्ञांच्या उपचारावर झेन या बौद्ध पंथाचा ठसा होता.) कबात-झिन यांनी १९७९ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय शाळेत जुनाट वेदनेच्या रुग्णांसाठी कार्यक्रम सुरू केला; तो आठ आठवड्यांचा म्हणून रूढ झाला. आठवड्यातून एकदा सुमारे अडीच तासांचे सत्र, रोज घरी पाऊण तास सराव आणि एक दिवस मौन. त्यातील शरीरभर लक्ष फिरवण्याचे ऊ बा खिन परंपरेशी साम्य उघड आहे. पहिल्या सत्रातील मनुकेचा प्रयोग प्रसिद्ध आहे : एक मनुका तळहातावर घ्यायची, उजेडाकडे धरून सुरकुत्या पाहायच्या, कानाशी चोळायची, ओठांना लावायची, जिभेवर ठेवून चावण्याआधी थांबायचे. मूठभर शेंगदाणे एकदम तोंडात टाकणाऱ्या माणसाला एका दाण्यावर पाच मिनिटे घालवायला सांगितले तर तो आधी हसेल. उपचारकाला ते हसूही चालते. तेही पाहायचेच असते.

झिंडेल सीगल, मार्क विल्यम्स व जॉन टीझडेल या मानसशास्त्रज्ञांनी याची बोधात्मक (विचारांच्या सवयींवर काम करणाऱ्या) उपचाराशी सांगड घातली. खिन्नता (डिप्रेशन) बरी झालेल्या माणसात किरकोळ उदासीही जुने विचार जागे करते, ते मनात घोळू लागतात आणि आजार उलटतो. विचार हा विचार म्हणून वेळीच ओळखला तर ही साखळी तुटते. संवेदना व तृष्णा यांच्या मध्ये साखळी तोडण्याची प्रतीत्यसमुत्पादातील (दुःख कारणांच्या साखळीतून उपजते या बौद्ध सिद्धान्तातील) जागा नेमकी हीच. त्यांच्या २००० मधील १४५ रुग्णांच्या चाचणीत तीन किंवा अधिक वेळा आजार होऊन गेलेल्यांत उलटण्याचे प्रमाण जवळपास निम्म्यावर आले. दोनदाच झालेल्यांना फायदा दिसला नाही. २०१५ मध्ये ४२४ रुग्णांच्या चाचणीत हा उपचार औषध चालू ठेवण्याहून सरस ठरला नाही. २०१४ मधील ४७ चाचण्यांच्या आढाव्यात चिंता, खिन्नता व वेदना यांवर मध्यम प्रतीचा पुरावा मिळाला. औषध वा व्यायामापेक्षा ध्यान अधिक गुणकारी असल्याचा मिळाला नाही. जाहिरातींचा सूर मात्र याहून बराच वरचा असतो.

खानदेशात ‘सम्मा सति’ (सम्यक् स्मृती, अष्टांगिक मार्गाचे एक अंग) हा शब्द बहुसंख्य लोकांपर्यंत शिबिरातून किंवा दवाखान्यातून नव्हे, तर १९५६ च्या धर्मांतरानंतर वस्तीवस्तीत उभ्या राहिलेल्या विहारांतून पोचला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तिचा अर्थ मनाची अखंड जागृती आणि विकारांवरील पहारा असा लावला. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात एकांतातील ध्यानाला त्यांनी मध्यवर्ती स्थान दिलेले नाही. त्यांचा अर्थ दारपालाच्या उपमेला अधिक जवळचा आहे. दुःखाचे मूळही त्यांनी केवळ मनात शोधले नाही. १९२९ मध्ये चाळीसगावी टांगेवाल्यांनी अस्पृश्याला नेण्यास नकार दिला, म्हणून वस्तीतल्या एका अननुभवी माणसाने टांगा हाकला. मोरीवर अपघात होऊन आंबेडकरांचा पाय मोडला. अशा दुःखावर श्वास पाहण्याचा उपाय सांगणे अपुरे आहे, आणि सजगतेच्या उपचारावरील सामाजिक टीकेचा रोख हाच असतो.

प्रत्यक्ष वापरात अडचणी साध्या असतात. ऐन कापूस वेचणीत आठ आठवड्यांचा नेम किंवा दहा दिवसांचे शिबिर मजुरीवरच्या बाईला जमत नाही. सातपुड्याच्या पाड्यांवर आजारी माणूस आधी भगताकडे जातो. अहिराणी बोलणारा रुग्ण ‘उदास वाटते’ असे क्वचितच म्हणतो. ‘जीव घाबरी ऱ्हायना’ म्हणतो, छातीवर हात ठेवतो. तक्रार शरीराच्या भाषेत येत असल्याने कायेपासून सुरुवात करणे सोयीचे पडते. पण घाबरेपणाच्या झटक्यात श्वासावर लक्ष नेले तर धडधड वाढूही शकते. गंभीर मानसिक आजार असलेल्यांनी दहा दिवसांचे शिबिर करू नये, असे विपश्यना केंद्रांच्या सूचनांतही असते. दवाखान्यात अशा रुग्णाला डोळे उघडे ठेवून, श्वासाऐवजी तळपायाचा जमिनीला होणारा स्पर्श पाहायला सांगतात.