अरबी समुद्र न सोडणारे देवमासे

हंपबॅक जातीचे देवमासे लांबच्या प्रवासासाठी प्रसिद्ध आहेत. दक्षिण गोलार्धातले हंपबॅक अंटार्क्टिकाजवळ क्रिल हे कोळंबीसारखे छोटे जीव खाऊन चरबी साठवतात आणि विणीसाठी हजारो किलोमीटर पोहत उबदार पाण्यात येतात. अरबी समुद्रातले हंपबॅक मात्र वर्षभर इथेच राहतात. असा न हलणारा दुसरा समूह जगात माहीत नाही.

उत्तरेला जमीन असल्याने ध्रुवाकडची वाट बंदच आहे. पण त्यांना तिकडे जायची गरजही पडत नाही. आपल्याकडे पाऊस आणणारे नैर्ऋत्येचे वारेच ओमानच्या किनाऱ्याला तळातलं थंड, पोषक पाणी वर खेचतात. त्यावर प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव, वाढतं, प्लवकावर लहान मासे पोसतात आणि त्यांवर हे देवमासे. जनुकीय अभ्यासांनुसार हा समूह सुमारे ७०,००० वर्षं इतरांपासून वेगळा राहिला आहे.

हे कळलं कसं, ती कथा मात्र क्लेशदायक आहे. नोव्हेंबर १९६६ मध्ये अंटार्क्टिकाकडे निघालेले सोव्हिएत शिकारी ताफे अरबी समुद्रात शिरले. ओमान, पाकिस्तान आणि वायव्य भारताच्या किनाऱ्यांलगत त्यांनी २३८ हंपबॅक मारले. आदल्या वर्षीचे चार धरून २४२. त्याच दशकात हिंदी महासागराच्या उत्तर भागात त्यांनी बाराशेहून अधिक निळे देवमासेही मारले. ही शिकार बेकायदा होती. खरे आकडे दडवून देवमाशांच्या शिकारीवर नियंत्रण ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय आयोगाला खोटे कळवले गेले. जहाजांवरच्या जीवशास्त्रज्ञांच्या नोंदी तेवढ्या टिकल्या. सोव्हिएत संघ कोसळल्यावर त्या उजेडात आल्या आणि १९९७ मध्ये जीवशास्त्रज्ञ युरी मिखालेव यांनी अरबी समुद्राची माहिती प्रसिद्ध केली. मारलेल्या माद्यांच्या पोटातल्या गर्भांच्या वाढीवरून त्यांची वीण उत्तर गोलार्धाच्या ऋतूंप्रमाणे होते हे दिसलं. जठरांत ताजं अन्न होतं. म्हणजे खाणं आणि वीण, दोन्ही एकाच समुद्रात. इतकी मोलाची माहिती अशा कत्तलीतून हाती यावी, याचं फार वाईट वाटतं.

पुढे १९७९ मध्ये सेशेल्सच्या प्रस्तावावरून हिंदी महासागर देवमाशांसाठी अभयारण्य ठरला. व्यापारी शिकारीवरची जागतिक बंदी १९८६ पासून लागू झाली. पण देवमाशाची मादी एका वेळी एकच पिल्लू देते, तेही साधारण दोन-तीन वर्षांनी. भर लवकर निघत नाही. ओमानच्या पाण्यातली त्यांची संख्या शंभराच्या आत असल्याचा अंदाज आहे. २००८ मध्ये हा समूह धोक्यात असल्याचं जाहीर झालं. आता त्यांना मासेमारीच्या जाळ्यांची आणि जहाजांच्या धडकांची भीती आहे.

ओमानजवळचे हंपबॅक तिथेच राहतात, असं वाटत होतं. २०१७ च्या अखेरीस तिथे एका मादीला उपग्रहाशी जोडलेलं यंत्र लावलं. तिच्या शेपटीवर धुपाच्या झाडासारखी खूण, म्हणून नाव ठेवलं लुबान. आपला लोबान याच अरबी शब्दावरून आला. लुबान अरबी समुद्र ओलांडून थेट भारताच्या दक्षिण टोकापर्यंत पोहोचली.