गाडी नुसती टक-टक करते? फोन करताना आधी आवाज सांगा

दुकानात रोज येणारा फोन: "बॅटरी गेलीय, नवीन घेऊन या." बॅटऱ्या विकणं हाच आमचा धंदा, तरी एवढ्यावर आम्ही बॅटरी पाठवत नाही. आधी विचारतो, "चावी फिरवल्यावर आवाज कसा येतो?" काही ग्राहक यावर वैतागतात. ऑफिसची घाई असते, आम्हाला कळतं. पण याचं उत्तर नीट मिळालं तर दुकानातल्या मुलाची एक चक्कर आणि तुमचा तास-दीड तास वाचतो.

गाडीतला आतला दिवा लावा आणि त्याच्याकडे बघत चावी फिरवा. कट-कट-कट-कट असा भराभर आवाज येतो आणि दिवा मिणमिणतो, म्हणजे बॅटरी उतरली आहे किंवा टर्मिनलपाशी, म्हणजे बॅटरीला वायर जोडतात तिथे, करंट अडतोय. इंजिन फिरवायला सेल्फला, म्हणजे इंजिन सुरू करणाऱ्या मोटरला, शंभरावर अँपिअर लागतात. उतरलेल्या बॅटरीत सोलेनॉइड (सेल्फला करंट जोडणारा विजेचा स्विच) ओढण्यापुरता जीव असतो, पण सेल्फचा लोड आला की व्होल्टेज बसतं आणि सोलेनॉइड सुटतो. लोड गेला की पुन्हा ओढतो. तोच तो कट-कट आवाज. याउलट एकच जाड 'टक्' होऊन सगळं शांत, दिवा मात्र जसाच्या तसा, तर बहुधा काम सेल्फचं आहे: सेल्फमधले कार्बन ब्रश झिजलेत किंवा सोलेनॉइडचे कॉन्टॅक्ट जळलेत. तिथे नवी बॅटरी लावूनही गाडी चालू होणार नाही.

आवाज कळेपर्यंत एक-दोनदा चावी फिरवा, बास. "अजून एकदा बघतो" करत वीस वेळा सेल्फ मारला की उरलीसुरली बॅटरीही बसते.

मागच्या पावसाळ्यात एका ग्राहकांनी सकाळी साडेसहाला बॅटरी मागवली. विमान गाठायचं होतं, म्हणून न विचारता पाठवली. मुलाने बॉनेट उघडून निगेटिव्हचा क्लॅम्प (टर्मिनलवर वायर पकडून ठेवणारी कडी) धरला तर तो नुसत्या हाताने गोल फिरला. आत पत्र्याची घडी कोंबलेली होती. काही बॅटऱ्यांचे पोल, म्हणजे टर्मिनलचे खांब, बारीक असतात. त्यांवर जाड पोलचा क्लॅम्प नीट बसत नाही, मग कुणीतरी असा जुगाड करून देतं. पत्रा काढला, योग्य क्लॅम्प लावला, पहिल्या सेल्फला गाडी चालू. जुनी बॅटरी उत्तम होती. नवी आम्ही परत आणली.

म्हणून फोन करण्याआधी चावी काढून दोन्ही क्लॅम्प हलवून बघा. हलत असेल तर आवळायला बहुतेक गाड्यांना दहा नंबरचा पाना चालतो. पांढरी-हिरवी भुकटी जमली असेल तर क्लॅम्प काढून, कोमट पाण्यात खायचा सोडा घालून ब्रशने घासा, कोरडं करा, लावून झाल्यावर वरून थोडं व्हॅसलिन. काढताना निगेटिव्ह आधी, लावताना निगेटिव्ह शेवटी. हा क्रम चुकवू नका. पाना पॉझिटिव्हवरून बॉडीला टेकला तर मोठी ठिणगी उडते.

दुसरी तक्रार: "बॅटरी चेक करायला रात्रभर का ठेवता?" कारण उतरलेली बॅटरी आणि मेलेली बॅटरी लोड टेस्टरवर (बॅटरीवर भार टाकून व्होल्टेज बघायचं यंत्र) सारखीच दिसते. आधी पूर्ण चार्ज करावी लागते. ३५ अँपिअर-अवरची बॅटरी सावकाश चार्ज व्हायला दहा-बारा तास जातात. नंतर काही तास नुसती ठेवून १२.६ व्होल्टच्या आसपास टिकली आणि लोडवर ९.६ च्या खाली गेली नाही, तर ती चांगली आहे, आणि आम्ही तसंच सांगतो. तोवर तुमच्या गाडीला आमची बॅटरी लावून देतो, त्याचे पैसे घेत नाही.

व्हिजिट चार्ज मात्र नुसता नट आवळला तरी घेतो. मुलगा हत्यारं घेऊन येतो, त्याचा वेळ जातो. रक्कम फोनवरच सांगतो, आणि त्याच आठवड्यात आमच्याकडून बॅटरी घेतली तर बिलातून वजा करतो. जुनी बॅटरी दिलीत तर तिचेही पैसे कमी होतात.

शेजाऱ्यांच्या गाडीवरून जंपर केबल लावणार असाल तर लाल दोन्हीकडे पॉझिटिव्हला, काळी चालू गाडीच्या निगेटिव्हला, आणि काळीचं शेवटचं टोक बंद गाडीच्या इंजिनच्या उघड्या लोखंडाला, बॅटरीपासून लांब. बॅटरीतून हायड्रोजन निघतो, ठिणगी तिथे नको. ऑटोमॅटिक गाडीला धक्का मारू नका, ती तशी चालू होत नाही.

फोन करताना आवाजासोबत गाडीचं मॉडेल, पेट्रोल की डिझेल, आणि बॅटरी कधी बसवली हे सांगा. आवाजाचा व्हिडिओ पाठवलात तर सगळ्यात बरं. गणपतीला गावी जाताना गाडी आठ-दहा दिवस सोसायटीत उभी राहणार असेल तर आदल्या आठवड्यात दुकानात आणा. टर्मिनल आवळून, चार्जिंग १४ व्होल्टच्या आसपास येतंय का ते बघून देतो. दहा मिनिटांचं काम आहे, त्याचे पैसे नाहीत.