लोखंडाचे पीक आणि सोमलाची माती

बेल्जियममधील इप्र शहराच्या आसपास नांगरणी सुरू झाली की आजही अधूनमधून नांगराच्या फाळाला काहीतरी जड अडते. शेतकरी ट्रॅक्टर थांबवून खाली उतरतो, गंजून मातीच्याच रंगाचा झालेला तोफगोळा ओळखतो, तो बांधावर ठेवतो आणि पोलिसांना कळवतो. मग सैन्याच्या बॉम्बनाशक पथकाची गाडी येते आणि गोळा पोलकापेल येथील तळावर नेते. पहिले महायुद्ध ११ नोव्हेंबर १९१८ रोजी थांबले, तरी या एका तळावर दरवर्षी साधारण दीडशे ते दोनशे टन दारूगोळा जमा होतो. या सापडण्याला तिकडे ‘लोखंडाचे पीक’ म्हणतात. हे पीक नेहमी निमूटपणे निघते असे नाही. मार्च २०१४ मध्ये इप्र येथेच एका बांधकामाच्या जागी जुना गोळा फुटून दोन कामगार दगावले.

इतके गोळे न फुटता राहिले कसे, याचे उत्तर कारखान्यात आणि चिखलात आहे. पश्चिम आघाडीवर चार वर्षांत शंभर कोटींहून अधिक तोफगोळे डागले गेले असा अंदाज आहे आणि त्यांपैकी सुमारे चौथा हिस्सा फुटला नाही असे साधारणपणे मानले जाते. सोमच्या लढाईपूर्वी, जून १९१६ च्या अखेरच्या आठवड्यात, ब्रिटिश तोफांनी एकट्यानेच सुमारे पंधरा लाख गोळे झाडले. हा पुरवठा करण्यासाठी ज्या कारखान्यांनी पूर्वी कधी दारूगोळा बनवला नव्हता तेही घाईने कामाला लागले होते आणि त्या घाईचा फटका सर्वाधिक बसला तो फ्यूजला, म्हणजे गोळ्याच्या टोकावरील त्या लहानशा यंत्रणेला, जिच्यातील अणकुचीदार खिळा आदळण्याच्या धक्क्याने पुढे सरकून संवेदनशील स्फोटकाच्या टोपीवर बसतो आणि मुख्य स्फोटाला ठिणगी देतो. हा धक्का पुरेसा तीव्र असावा लागतो. दगडावर किंवा टणक जमिनीवर गोळा क्षणार्धात थांबतो. इप्रभोवतीच्या फ्लँडर्स प्रदेशातील पाणथळ चिकणमातीत मात्र तो हळूहळू वेग गमावत खोल रुतत जातो आणि खिळा जागचा हलत नाही. म्हणजे जी माती सैनिकाला गिळत होती, तीच गोळेही न फोडता पोटात साठवत होती.

शंभर वर्षे मातीत राहिलेला गोळा ‘थंड’ पडला असेल, ही समजूत धोक्याची आहे. ज्या गोळ्यांत टीएनटी हे स्फोटक भरलेले होते, त्यांत तुलनेने फारसा बदल होत नाही, कारण टीएनटी धातूंशी सहसा अभिक्रिया करत नाही. परंतु युद्धाच्या सुरुवातीच्या काळात अनेक गोळ्यांत पिक्रिक आम्ल असे. हे पिवळे रसायन मुळात कापड रंगवण्यासाठी वापरले जाई. ते आम्ल असल्यामुळे धातूशी संपर्क आला की त्याचे पिक्रेट नावाचे क्षार बनतात आणि त्यांतील काही, विशेषतः शिशाचे पिक्रेट, घर्षणानेही फुटू शकतात. गोळ्याच्या आतल्या बाजूला रोगण देण्याची पद्धत होती ती यासाठीच. ओल शिरून ते रोगण सुटले की गोळा जुना होता होता अधिक हळवा होत जातो.

रासायनिक गोळ्यांची गोष्ट आणखी निराळी. जर्मन सैन्याने जुलै १९१७ मध्ये इप्रजवळ प्रथम वापरलेला ‘मस्टर्ड गॅस’ हा खरे तर वायू नसून तेलकट द्रव आहे आणि सुमारे १४ अंश सेल्सिअसखाली तो गोठतो. पाण्यात त्याचे हळूहळू विघटन होते, पण मातीत किंवा पाण्याखाली त्याच्याभोवती घट्ट कवच तयार होते व आतला द्रव वर्षानुवर्षे तसाच दाहक राहतो. गंजलेल्या गोळ्यावरच्या खुणा पुसल्या गेलेल्या असतात. त्यामुळे क्ष-किरणांखाली तो तिरपा धरून आत द्रवाची पातळी दिसते का, हे पाहावे लागते. २००१ च्या एप्रिलमध्ये उत्तर फ्रान्समधील व्हिमी येथे साठवलेले असे गोळे धोकादायक अवस्थेत आहेत असे लक्षात आल्यावर सुमारे बारा हजार रहिवाशांना घरे सोडावी लागली आणि गोळे शीतवाहनांतून सुइप येथील लष्करी तळावर हलवण्यात आले.

फुटलेल्या गोळ्यांचाही हिशेब संपलेला नाही. तोफेच्या नळीत गोळ्याला फिरकी मिळावी म्हणून त्याच्या कमरेला तांब्याची कडी बसवलेली असे. या कड्यांचे तुकडे विरघळत गेल्याने इप्रभोवतीच्या वरच्या मातीत तांब्याचे प्रमाण वाढले असावे, असे बेल्जियन मृदाशास्त्रज्ञांनी नकाशे मांडून दाखवले. पाण्याचा प्रश्न वेगळ्या मार्गाने पुढे आला. फ्रान्सच्या नॉर आणि पा-द-कॅले या प्रांतांत २०१२ मध्ये पाचशेहून अधिक गावांतील पिण्याच्या पाण्यात परक्लोरेट आढळले. हे क्षार स्फोटकांतही वापरले जात. लिटरमागे ४ मायक्रोग्रॅमहून अधिक परक्लोरेट असलेले पाणी सहा महिन्यांखालील बाळांना देऊ नये आणि १५ मायक्रोग्रॅमहून अधिक असेल तर गर्भवती व स्तनदा स्त्रियांनी ते पिऊ नये, अशी सूचना प्रशासनाने दिली. परक्लोरेटचा आयन थायरॉईड ग्रंथीकडे जाणाऱ्या आयोडाइडची वाट अडवतो आणि बाळाच्या मेंदूच्या वाढीसाठी त्या ग्रंथीचे संप्रेरक अत्यावश्यक असते. चिलीहून आणलेल्या नैसर्गिक नायट्रेट खतातही परक्लोरेट असते, म्हणून सारा दोष युद्धावर टाकता येत नाही. तरी बाधित गावांचा पट्टा जुन्या आघाडीच्या रेषेशी बराच जुळतो. याच पट्ट्यात न्यव्ह शापेल हे गाव आहे. पश्चिम आघाडीवर पडलेल्या आणि ज्यांची कबर कोठे आहे हे कोणालाच ठाऊक नाही, अशा ४,७०० हून अधिक हिंदी सैनिकांची नावे तेथील स्मारकावर कोरलेली आहेत.

युद्धानंतर फ्रान्सने नुकसानीच्या प्रतीनुसार जमिनीची वर्गवारी केली आणि जी जमीन दुरुस्त करण्याचा खर्च तिच्या किमतीहून जास्त होता, ती ‘लाल पट्टा’ म्हणून वगळली. तिचे क्षेत्र सुरुवातीला एक हजार चौरस किलोमीटरहून अधिक होते. फ्रान्समधील व्हर्दूं येथे २१ फेब्रुवारी ते १८ डिसेंबर १९१६ या सुमारे तीनशे दिवसांत अंदाजे तीन लाख माणसे मेली आणि नऊ गावे नकाशावर फक्त नावापुरती उरली. मातीचे काय झाले याचा अभ्यास करताना जोसेफ हुपी आणि रँडल शेट्झल या अमेरिकन संशोधकांनी २००६ मध्ये ‘बॉम्बटर्बेशन’ हा शब्द घडवला. गांडुळे, उंदीर, मुळे माती खालीवर करतात तसे येथे स्फोटांनी केले. फरक एवढाच की खालचा चुनखडक फुटून वर आला आणि हजारो वर्षांत बसलेले थर एका वर्षात विस्कटले. खड्ड्यांच्या तळाशी ओल टिकली, पालापाचोळा साचला, गांडुळे आली आणि तेथे नवी माती तयार होऊ लागली. काही खड्ड्यांच्या डबक्यांत आज पिवळ्या पोटाचे दुर्मीळ भेक वाढतात. वर लावलेले पाइनचे आणि बीचचे जंगल दाट झाले आहे. त्याची छायाचित्रे पाहून निसर्गाने जखम भरून काढली, असे सहज लिहिले जाते. मला ते पटत नाही, कारण या भूमीतील सर्वांत विखारी जागा लढाईत तयार झालेलीच नाही.

ती जागा व्हर्दूंच्या ईशान्येला, स्पँकूरच्या जंगलात आहे. युद्ध संपल्यावर शेतकरी परतू लागले, तेव्हा न वापरलेल्या आणि न फुटलेल्या गोळ्यांचे ढीग कोठेतरी संपवणे भाग होते. १९२८ मध्ये या जंगलातील एका मोकळ्या जागेवर सुमारे दोन लाख रासायनिक गोळे जाळण्यात आले. त्यांत जर्मनांचे ‘निळा क्रॉस’ गोळे होते. मुखवट्याच्या गाळणीतून पार व्हावी अशी आर्सेनिकयुक्त बारीक पूड उडवण्यासाठी बनवलेल्या या गोळ्यांत ते रसायन काचेच्या बाटलीत भरून भोवती स्फोटक ओतलेले असे, त्यामुळे दोन्ही वेगळे करणे अतिशय कठीण होते. जाळणे सोपे वाटले. पण जळतो तो रेणूतील कार्बन आणि हायड्रोजन; आर्सेनिक हे मूलद्रव्य आहे, ते जळून नाहीसे होत नाही, कुजत नाही, ऑक्सिजनशी जोडले जाऊन मागे उरते. त्याचे पांढरे ऑक्साइड म्हणजेच आपल्याकडचा सोमल. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जर्मन व फ्रेंच संशोधकांच्या मोजमापानुसार येथील मातीत काही ठिकाणी वजनाच्या सुमारे १७ टक्के आर्सेनिक होते. साध्या मातीत ते किलोमागे काही मिलिग्रॅम असते. येथे ते किलोमागे १७० ग्रॅमपर्यंत गेले.

अशा मातीत एक शेवाळ, एक शैवाक आणि होल्कस लॅनेटस नावाचे मऊ लव असलेले गवत, एवढेच तग धरून होते. या गवताची युक्ती विलक्षण आहे. आर्सेनेटची, म्हणजे आर्सेनिक आणि ऑक्सिजन मिळून बनलेल्या आयनाची, घडण वनस्पतीला लागणाऱ्या फॉस्फेटशी इतकी मिळतीजुळती असते की फॉस्फेट आत घेणाऱ्या मुळांच्या दारातून आर्सेनेटही आत शिरते आणि पेशीचा ऊर्जाव्यवहार बिघडवते. होल्कसच्या सहनशील वाणांनी ते दारच बरेचसे लोटून घेतले आहे. त्यांना फॉस्फेट कमी मिळते, पण विषही कमी येते.

घाईच्या निकालाची दुसरी तऱ्हा समुद्रात दिसते. बेल्जियमच्या किनाऱ्यालगत पार्देनमार्क्ट नावाच्या वाळूच्या उथळ पट्ट्यात युद्धानंतर लगेच सुमारे ३५,००० टन दारूगोळा टाकण्यात आला आणि तो १९७१ पर्यंत विस्मरणात गेला. आता त्यावर गाळ साचला आहे आणि ऑक्सिजन पोहोचत नसल्याने गंज मंदावला आहे. म्हणून तो न उकरता फक्त नमुने तपासत राहणे, हाच मार्ग तूर्त निवडलेला आहे.

स्पँकूरच्या परिसरात तर गोळे मोडण्याचे काम कंत्राटी पद्धतीनेही चालले होते आणि नंतर त्या जमिनीवर अनेक दशके शेती झाली. तेथील मातीची तपासणी झाल्यावर २०१५ च्या उन्हाळ्यात प्रशासनाने त्या शेतांतील धान्य आणि दूध विकण्यास बंदी घातली. गोळ्यांचे पोलाद आणि तांबे १९२० च्या दशकातच भंगारात विकले गेले होते. मागे राहिले होते ते नांगराच्या फाळाला न अडणारे काही, जे शोधायला प्रयोगशाळा लागली.